गुंठाभर ठिपका, हातभर ओहोळ

प्रश्न : आमची शाळा तलासरी तालुक्यात, झरीच्या बाजूला आहे. मुलांनी मोबाइलवर उपग्रहाचा पाण्याचा नकाशा उघडला. दापचरीजवळचं कुर्झे धरण निळं दिसलं. पण गावचा ओहोळ, त्याच्यावरचे डोह यांतलं काहीच नाही. मुलं विचारतात, “वरून गाडीसुद्धा दिसते म्हणतात, मग आपला ओहोळ का नाही दिसत?” (एक शिक्षक, तलासरी)

उत्तर : मुलांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. गाडी दिसते ती वेगळ्या उपग्रहांना. भारताचा कार्टोसॅट-३ नोव्हेंबर २०१९ मध्ये अवकाशात गेला. त्याच्या चित्रातला सगळ्यात लहान ठिपका जेमतेम पाव मीटरचा असतो. पण अशी चित्रं मागणीप्रमाणे, अरुंद पट्ट्यांचीच घेतली जातात. देशभरचं पाणी वर्षानुवर्षं मोजत राहायचं तर सगळी जमीन ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा टिपणारे उपग्रह लागतात, आणि त्यांचा ठिपका मोठा असतो. युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा मुलांना सांगा, हा उपग्रह तुमचं गाव गुंठ्या-गुंठ्याने बघतो. अमेरिकेच्या लँडसॅटचा एक ठिपका जवळजवळ नऊ गुंठ्यांचा, तर आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेपाच गुंठ्यांचा. एका ठिपक्यात पाणी, खडक, करंजाची फांदी, भाताचा बांध असं काहीही असो, सगळ्यांचा मिळून एकच आकडा नोंदला जातो.

आता पाणी ओळखतात कसं ते बघू. आपल्या डोळ्याला न दिसणारा एक प्रकाश आहे, अवरक्त. हिरवं पान तो भरपूर परतवतं, पाणी मात्र जवळजवळ सगळाच गिळून टाकतं. उपग्रह हा प्रकाश वेगळा टिपतो. चित्र तयार करताना त्याला लाल रंग दिला की झाडी लालभडक दिसते आणि स्वच्छ, खोल पाणी काळंकुट्ट. कुर्झे धरणाचं असं चित्र नोव्हेंबरात बघितलं तर लाल डोंगरउतारांमध्ये करवती काठाचा एक काळा आकार दिसतो. तोच मे महिन्यात आकसतो आणि त्याच्याभोवती उघड्या पडलेल्या मातीची फिकी कड येते. चित्र ‘सुधारणं’ म्हणतात ते एवढंच : डोळ्याला न दिसणारा फरक दिसेल अशा रंगात मांडणं.

पुढची पायरी आकड्यांची. १९९६ मध्ये मॅकफीटर्स या शास्त्रज्ञाने एक सोपं गुणोत्तर सुचवलं. ठिपक्याच्या हिरव्या प्रकाशातून अवरक्त वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर शून्याच्या वर आलं तर बहुधा पाणी, खाली आलं तर जमीन. पाण्याच्या या निर्देशांकाला एनडीडब्ल्यूआय म्हणतात. आठवीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. समजा, पाण्याने हिरवा प्रकाश ०.०८ आणि अवरक्त ०.०२ परतवला. वजाबाकी ०.०६, बेरीज ०.१०, उत्तर ०.६. स्पष्ट पाणी. हिरव्यागार शेताने हिरवा ०.०६ आणि अवरक्त ०.४० परतवला, तर उत्तर उणे ०.७४. स्पष्ट जमीन.

आता तुमचा ओहोळ घ्या. तो तीन मीटर रुंद आहे आणि सेंटिनेल-२ च्या एका ठिपक्याच्या मधून सरळ जातो असं धरू. गुंठ्यातला तीस टक्के भाग पाणी, सत्तर टक्के हिरवळ. दोन्हींचे आकडे त्या प्रमाणात मिसळले की हिरवा ०.०६६ आणि अवरक्त ०.२८६ येतो. गणित केलं की उत्तर उणे ०.६३ च्या आसपास. म्हणजे पाणी वाहत असताना, उन्हात चमकत असताना, ठिपक्याचा आकडा नुसत्या शेताच्या उणे ०.७४ वरून फक्त उणे ०.६३ वर सरकला. शून्याची रेघ कुठल्या कुठे राहिली. संगणक त्या ठिपक्यावर ‘जमीन’ असा शिक्का मारून पुढे जातो. त्यात काठची उंबरं, जांभळं आणि करंज दोन्ही बाजूंनी ओहोळावर वाकलेली असतील तर वरून पाणी दिसतच नाही, दिसतात ती फक्त पानं.

म्हणून नकाशावर निळा रंग नाही याचा अर्थ तिथे पाणी नाही असा होत नाही. त्या मापाच्या ठिपक्यात, त्या तारखेला, पाणी पुरेसं रुंद आणि उघडं नव्हतं, एवढंच तो नकाशा सांगतो. शासकीय अहवालांत हा फरक अनेकदा गळून पडतो. पाण्याची योजना कुणासाठी आणायची हे अशा नकाशांवरून ठरू लागलं की या गळतीची किंमत डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला मोजावी लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पात्राच्या वाळूत हातभर डवरा खणतात, पाणी झिरपायची वाट बघतात आणि वाटीने हंडा भरतात. तो डवरा कोणत्याही उपग्रहाला दिसणार नाही. पण त्याची खूण दिसू शकते. मे महिन्यात सगळा माळ करपलेला असतो तेव्हा कोरड्या ओहोळाच्या कडेने एखादी हिरवी रेघ टिकून राहते. झाडांची मुळं ज्या ओलीपर्यंत पोचली आहेत ती ओल तिथे आहे. पाण्याचा निर्देशांक सोडून हिरवळीचा निर्देशांक लावला, मेच्या चित्राची फेब्रुवारीच्या चित्राशी तुलना केली, की ही रेघ दहा मीटरच्या ठिपक्यातही उमटते.

ज्या मुलखांत नद्या मऊ गाळातून वाहतात तिथे हे काम फार सोपं आहे. बिहारमधल्या बेगुसरायजवळचा काबरताल हे बुढी गंडक नदीने सोडलेलं जुनं वळण. आसामात ब्रह्मपुत्रेने टाकून दिलेल्या अशा पाण्यांना बील म्हणतात. तिथे पुराच्या मैदानात कोयत्याच्या आकाराचे तलाव एका चित्रात ओळीने दिसतात. शेताखाली बुजलेली जुनी पात्रंसुद्धा ओलसर, गडद वाकणांच्या रूपात उमटतात. आपल्याकडे काळा खडक आहे. डोंगरातून उतरून थोडक्यात समुद्र गाठणाऱ्या आपल्या नद्यांना वळणं टाकत हिंडायला जागाच नाही. त्यांचं पाणी साठतं ते खडकातल्या डोहांत, आणि डोह अरुंद असतात. म्हणूनच गंगेच्या मैदानासाठी बसवलेली पद्धत जशीच्या तशी तलासरीवर लावली की पदरी रिकामा नकाशा पडतो.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की आमच्याकडे चार महिने ढग. मग पुराच्या वेळचं पाणी उपग्रहाला कसं दिसतं? (एक वाचक, कासा)

उत्तर : त्यासाठी रडारचे उपग्रह. ते सूर्यप्रकाशावर अवलंबून नसतात. स्वतःच लहरी खाली सोडतात आणि परत आलेल्या लहरी मोजतात. या लहरी ढगातून आरपार जातात. रात्रही त्यांना अडवत नाही. शांत पाण्याचा सपाट पृष्ठभाग तिरप्या आलेल्या लहरी पुढच्या पुढे भिरकावतो, उपग्रहाकडे काहीच परतत नाही, आणि चित्रात पाणी काळं येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी कुठली गावं आणि किती ऊसशेती पाण्याखाली आहे याचे नकाशे अशाच रडारचित्रांवरून झाले.

मात्र आपल्या भागात जुलै महिना रडारलाही चकवतो. आवणीच्या दिवसांत प्रत्येक खाचरात चिखलणीचं पाणी उभं असतं. रोपं बोटभर. रडारच्या दृष्टीने ते सपाट पाणीच. त्या आठवड्यातलं एकच चित्र घेतलं तर झरीपासून उधव्यापर्यंत खाचरांच्या उतरंडीची सगळी खोरी एखाद्या तुटक सरोवरासारखी काळी दिसतील. कुणी त्याला पूर म्हणेल, कुणी तलाव म्हणेल. उपाय एकच, चित्रांची माळ लावायची. सप्टेंबरात भात वाढला की खाचरं पुन्हा उजळतात. नदी, धरण आणि डोह काळेच राहतात. वर्षभराच्या चित्रांत एखादा ठिपका किती वेळा पाणी म्हणून उमटला हे मोजलं की खाचर, पावसाळी नाला आणि बारमाही पाणी आपोआप वेगळं होतं. युरोपियन आयोगाच्या संशोधन केंद्राने १९८४ ते २०१५ मधली लँडसॅटची सुमारे ३० लाख चित्रं याच रीतीने तपासून सगळ्या जगाचा नकाशा केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कुणालाही फुकट बघता येतो. पण तो नऊ गुंठ्यांच्या ठिपक्यांचा आहे, हे विसरू नका.

झाडीखालच्या पाण्याचं काय? सेंटिनेल-१ च्या रडारची लहर साडेपाच सेंटिमीटरची. ती पानांवरच अडकते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा इस्रो आणि नासाचा एकत्र उपग्रह. त्यावरची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे. ती पानांतून खाली उतरते, पाण्यावर आपटते, तिथून झाडाच्या खोडावर आणि मग परत. असं पाणी काळं न दिसता उलट झळाळून दिसतं. खाडीकाठच्या तिवरांत भरलेलं पाणी यातून ओळखता येतं. ओहोळ फारच अरुंद असेल तर निसारलाही तो अवघडच जाईल, पण तिवरांच्या बनासाठी या उपग्रहाकडून मला मोठी आशा आहे.

प्रश्न : डहाणूच्या खाडीचे फाटे एका चित्रात भरलेले दिसतात, दुसऱ्यात नुसता चिखल. खरं कुठलं मानायचं? (एक वाचक, डहाणू)

उत्तर : दोन्ही खरी. मात्र चित्राच्या तारखेबरोबर तिथीही बघायला हवी, आणि हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना कुठल्याही संगणकतज्ज्ञापेक्षा लवकर कळेल.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपला जुना ढोबळ हिशेब. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाणाची भरती दुपारच्या तोंडावर येते आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमाराला तळ गाठते. अष्टमीला उलट : भरती सहाला, ओहोटी बाराच्या आसपास, पण ती भांगाची, म्हणजे पाणी फार खाली जात नाही.

आता सेंटिनेल-२ चा रिवाज बघा. तो सूर्याशी वेळ बांधून फिरतो; आपल्या किनाऱ्यावरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारालाच जातो. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला तो आला की त्याला उधाणाची भरतीच दिसणार. अष्टमीला आला तर भांगाची ओहोटी. उधाणाची ओहोटी, जेव्हा खाडीचा तळ उघडा पडतो आणि बारीकसारीक फाटे शिरांसारखे स्पष्ट होतात, ती या उपग्रहाला कधीच दिसत नाही. वर्षभराची सगळी चित्रं एकत्र केली तरी नाही. या चित्रांवरून काढलेला खाडीच्या तळाचा नकाशा म्हणूनच अर्धवट राहतो.

सेंटिनेल-१ आणि निसार हे रडारचे उपग्रह मात्र पहाटे आणि संध्याकाळी, सहाच्या आगेमागे येतात. पौर्णिमेच्या पहाटेचं रडारचित्र घ्या, उधाणाची ओहोटी जवळजवळ तळाशीच सापडेल. ओला चिखल आणि पाणी यांची रडारमध्ये थोडी गल्लत होते, पण फाट्यांची मांडणी कळते. सकाळी अकराचं एक आणि पहाटेचं एक, अशी पौर्णिमेची जोडी शेजारी ठेवली की खाडीचा श्वास दिसतो. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबवून उपग्रहचित्रांवरून तिचे नकाशे करायला सांगितलं. अशा ठिकाणी कुठलाही भराव, धक्का किंवा रस्ता आखताना दाखवलेल्या चित्रावर तारीख आणि तिथी छापलेली असावी, एवढा आग्रह धरायला हवा. भांगाच्या दिवसाचं चित्र पुढे करून “इथे पाणी येतच नाही” असं म्हणणं फार सोपं असतं.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेने अस्पष्ट चित्र स्पष्ट करता येतं म्हणतात. मग दहा मीटरचं एक मीटरचं का करत नाहीत? (एक विद्यार्थी, पालघर)

उत्तर : करतात. पण ते दोन प्रकारांनी होतं आणि त्यांत फार अंतर आहे. एकाच उपग्रहावरचा बारीक ठिपक्यांचा काळा-पांढरा कॅमेरा आणि मोठ्या ठिपक्यांचा रंगीत कॅमेरा यांची चित्रं एकमेकांत बसवली तर मिळणारा तपशील खरा असतो. तो मोजलेला आहे. दुसऱ्या प्रकारात संगणकाला हजारो चित्रं दाखवून शिकवतात आणि मग तो अंदाजाने रेघा भरतो. तो युरोपातल्या कालव्यांवर शिकला असेल तर आपल्या वाकड्यातिकड्या ओहोळाला सरळ काठ देईल. बांधावरच्या सावलीचा पाट करील. दिसायला चित्र सुरेख. पण त्यातली रेघ कुणी पाहिलेली नसते. शोध घ्यायला, कुठे जाऊन बघायचं ते ठरवायला अशी चित्रं जरूर वापरा. हद्द ठरवायला किंवा कोर्टात पुरावा म्हणून वापरू नका.

प्रश्न : आमच्या डोहाची सरकारदरबारी नोंद व्हावी असं वाटतं. या नकाशांचा उपयोग होईल का? (झरी परिसरातले काही ग्रामस्थ)

उत्तर : होईल, पण अडचण कुठे आहे ती आधी समजून घ्या. अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्राने देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लिस-३ ची २००६-०७ मधली चित्रं वापरली. नकाशाचं माप एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. त्या कागदावर तीन मिलिमीटरपेक्षा लहान चौकोन काढता येत नाही. तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दीडशे मीटर, आणि दीडशे गुणिले दीडशे म्हणजे सव्वादोन हेक्टर. साडेपाच एकरांपेक्षा मोठ्या अशा २,०१,५०३ जागा आकारासह नोंदल्या गेल्या. त्याहून लहान ५,५५,५५७ जागा नुसते बिंदू म्हणून राहिल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण द्यायला सांगितलं ते त्या २,०१,५०३ जागांना. कागदावर जिचा आकार काढता आला, त्याच जागेला कायद्याचं कुंपण. शिवाय २०१७ च्या पाणथळ नियमांत नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. आपल्याच जिल्ह्यात वसईची बावखलं बघा. वाडीच्या कोपऱ्यातली, माडांच्या सावलीतली ही छोटी तळी उपग्रहाला दिसत नाहीत, यादीत मोठी ठरत नाहीत, आणि बुजवली गेली की कागदावर काहीच कमी होत नाही. मला हे फार लागतं.

तुमच्या हातात मात्र एक गोष्ट आहे. तलासरी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलेलं आहे. तेव्हा ग्रामसभेत डोहांची आणि डवऱ्यांच्या जागांची यादी ठेवा. प्रत्येकाला गावात चालतं तेच नाव द्या. जागेवर उभं राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या. लांबी, रुंदी आणि पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं ते लिहा. हे शेवटचं म्हाताऱ्या माणसांना आणि पाणी भरणाऱ्या बायांना विचारा, त्यांना दुष्काळाच्या सालांसकट ठाऊक असतं. मग इस्रोच्या ‘भुवन’वर किंवा सेंटिनेलच्या मोफत चित्रांत तोच ठिपका शोधून ऑक्टोबर-नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे अशी तीन चित्रं जोडा. मेच्या चित्रात हिरवी रेघ असेल तर तिच्यावर खूण करा. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्यासाठी असे नकाशे करतं. ठरावासोबत यादी तिकडे आणि तहसीलदारांकडे द्या, पोच घ्या.

आणखी एक. नकाशा तालुक्यापुरता मागू नका. २३ मे १९४५ रोजी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने झरीला वारल्यांची परिषद भरली तेव्हा हा मुलूख उंबरगाव तालुक्यात होता. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं, झरी इकडे राहिली. वारोली नदी अजून तशीच वाहते, तलासरीतून संजाणकडे. महाराष्ट्राचा नकाशा हद्दीवर तुटतो आणि खालचं पात्र, भरतीचं पाणी कुठवर चढतं ते, पुराची फुग हे सगळं पलीकडच्या कागदावर राहतं. अर्जात ‘तलासरी तालुका’ न लिहिता ‘वारोलीचं संपूर्ण पाणलोट क्षेत्र, उगमापासून मुखापर्यंत’ असं लिहा.